विद्युत जाळ्याचे गणित : काय ठेवावे आणि काय वगळावे

पावसाळ्यातील एखाद्या सायंकाळी गावातील वीज जाते, तासाभराने परत येते आणि चौकशी केल्यास "लाईनवर काम चालू होते" एवढेच उत्तर मिळते. ग्राहकाच्या दृष्टीने विषय तेथेच संपतो. परंतु ती वाहिनी बंद करण्यास ज्या अधिकाऱ्याने अनुमती दिली, त्याच्यापुढे त्या दिवशी सकाळी निराळाच प्रश्न उभा असतो. ही वाहिनी बंद केल्यावर तिच्यावरील भार कोणत्या वाटेने जाईल? ती वाट तो भार सोसेल काय? आणि नेमक्या त्याच वेळी झाड पडून दुसरी एखादी वाहिनी बंद झाली तर?

याचे उत्तर वाहिनी प्रत्यक्ष बंद करून शोधता येत नाही. पूल किती भार सोसतो हे पाहण्यासाठी कोणी तो कोसळेपर्यंत त्यावर गाड्या लादत नाही. म्हणून अभियंता विद्युत जाळ्याची एक गणिती प्रतिकृती तयार करतो आणि जे प्रयोग प्रत्यक्षात धोक्याचे ठरतील ते तिच्यावर करून पाहतो. ही प्रतिकृती प्रत्यक्ष जाळ्याइतकी तपशीलवार असती तर उत्तम, असे प्रथमदर्शनी वाटते. व्यवहारात मात्र ती मुद्दाम साधी करावी लागते. साधेपणा कोठे चालतो आणि कोठे घात करतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जाळे कागदावर कसे येते

वीजनिर्मिती केंद्रे, उपकेंद्रे आणि त्यांना जोडणाऱ्या पारेषण वाहिन्या मिळून विद्युत जाळे बनते. जेथे दोन किंवा अधिक वाहिन्या एकत्र येतात त्या ठिकाणाला आपण संधिबिंदू म्हणू. प्रत्येक संधिबिंदूपाशी दोन गोष्टी अज्ञात असतात. तेथील विद्युतदाब किती, ही पहिली. त्या दाबाची लाट इतर ठिकाणच्या लाटेच्या किती पुढे वा मागे आहे, ही दुसरी. या पुढे-मागे असण्याला दाबाचा कोन म्हणतात. एक हजार संधिबिंदू असलेल्या जाळ्यात अशा दोन हजार अज्ञात राशी झाल्या. शाळेत शिकविल्याप्रमाणे एकेक राशी वगळत समीकरणे सोडवायची म्हटले, तर एका फेरीस सुमारे पावणेतीन अब्ज गुणाकार लागतात. आणि ही समीकरणे सरळ रेषेची नसल्यामुळे एका फेरीने भागतही नाही.

शिवाय प्रश्न एकच नसतो. जाळ्यात एक हजार वाहिन्या असतील, तर प्रत्येक वाहिनी आळीपाळीने बंद पडल्याचे एक हजार प्रसंग तपासावे लागतात. दोन वाहिन्या एकाच वेळी बंद पडल्याचे प्रसंग मोजले तर त्यांची संख्या ४,९९,५०० होते. आजचा संगणक अतिवेगवान असला, तरी नियंत्रण कक्षातील अधिकाऱ्याला उत्तर काही मिनिटांत हवे असते. जाळ्याची स्थिती तोपर्यंत पालटलेली असते.

संगणक येण्यापूर्वी हे काम 'नेटवर्क अॅनलायझर' नावाच्या यंत्रावर होत असे. १९२९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत असे एक मोठे यंत्र उभारण्यात आले. खोलीभर मांडलेली कपाटे, त्यांत लहान लहान वेटोळी, रोध आणि संधारित्रे, आणि ती तारांनी जोडून केलेले संपूर्ण जाळ्याचे छोटे रूप. मीटर लावून आकडे वाचले की उत्तर मिळे. त्या यंत्रात घटकांची संख्या मर्यादित असल्याने जाळे आधी लहान करून घेण्यावाचून गत्यंतरच नव्हते. सरलीकरणाच्या अनेक युक्त्या त्या गरजेतून आल्या आणि संगणकाच्या काळातही टिकल्या.

पहिली सूट इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती सूट आहे हेच विसरले जाते. वीज तीन फेजमधून वाहते. पण तिन्हींवर भार सारखा आहे असे मानून एकाच फेजचे गणित करतात. मोठ्या पारेषण वाहिन्यांच्या बाबतीत हे बहुतांशी खरे असते. गावाच्या टोकाला मात्र एका फेजवर निम्मी घरे आणि दुसऱ्या फेजवर चार दिवे अशी स्थिती आढळते. एका आळीत दिवा मंद आणि शेजारच्या आळीत लखलखीत, हा अनुभव ग्रामीण वाचकांस नवा नसेल. तेथे एका फेजचे गणित उपयोगी पडत नाही.

दूरचे जाळे, एकच आकडा

गोव्याचे उदाहरण घेऊ. या राज्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. कोल्हापूर भागातून फोंड्याकडे २२० किलोव्होल्ट दाबाने आणि कर्नाटकातील आंबेवाडीहून ११० किलोव्होल्ट दाबाने वीज आणली गेली. फोंड्याच्या उपकेंद्राचा अभ्यास करणाऱ्याने पलीकडचे सारे जाळे, म्हणजे कोयनेची जनित्रे, विदर्भातील कोळशाची केंद्रे, गुजरात आणि मध्य प्रदेशातील वाहिन्या, कागदावर मांडावे काय? तशी गरज नाही. फोंड्यातून पाहिले असता ते अवाढव्य जाळे एका जनित्रासारखे आणि त्याच्यापुढे जोडलेल्या एका संरोधासारखे दिसते. संरोध म्हणजे वाहत्या विजेला होणारा एकूण अडथळा.

हा आकडा काढणे कठीण नाही. समजा, फोंड्यास २२० किलोव्होल्टच्या पट्ट्यावर शॉर्टसर्किट झाल्यास पलीकडून ४,००० मेगाव्होल्ट-अँपिअर इतकी शक्ती धावून येते. २२० चा वर्ग ४८,४००. त्याला ४,००० ने भागले की १२.१ ओहम मिळतात. (४,००० हा आकडा केवळ उदाहरणार्थ घेतला आहे.) शेकडो केंद्रे आणि हजारो किलोमीटर तारा यांच्या जागी १२.१ ओहमचा एक संरोध आला. या एका आकड्यावरून सर्किट ब्रेकर किती शक्तीचा हवा ते ठरते. आणि एखाद्या कारखान्याने १०० मेगाव्हारची रिअॅक्टिव्ह शक्ती ओढली तर दाब अदमासे शेकडा अडीचने, म्हणजे १०० भागिले ४,००० या प्रमाणात, उतरेल हेही कळते.

रिअॅक्टिव्ह शक्ती म्हणजे काय, याचा खुलासा येथेच केलेला बरा. पंपाच्या मोटारीत चुंबकत्व निर्माण करण्यासाठी जो प्रवाह लागतो तो पाणी उपसण्याचे काम करीत नाही. तो तारेतून नुसता येतो आणि जातो. परंतु त्या येण्या-जाण्याने वाहिनीवरील दाब खाली येतो. कृषिपंपांना कपॅसिटर बसवा असा आग्रह धरला जातो, तो हा प्रवाह जागच्या जागी भागावा म्हणून.

वरील १२.१ ओहम हा आकडा कायमचा मात्र नव्हे. कोल्हापूरकडील एखादी वाहिनी दुरुस्तीसाठी बंद केली की तो बदलतो. कपाटातील फायलीत दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आकडा आजच्या गणितात घालणाऱ्याला उत्तर मिळते, पण ते दहा वर्षांपूर्वीच्या जाळ्याचे. गोव्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा होता. महाराष्ट्र पश्चिम विभागाच्या जाळ्यात आणि कर्नाटक दक्षिण विभागाच्या जाळ्यात मोडत असे, आणि या दोन जाळ्यांची वारंवारता एकसमान नव्हती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एकलयीत आले. तोपर्यंत गोव्यात दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींस थेट जोडणे शक्य नव्हते. गणितातही दोन दूरची जाळी दोन वेगवेगळी जनित्रे म्हणूनच दाखवावी लागत. त्यांना एक मानले असते तर कागदावर सर्व सुरळीत दिसले असते, इतकेच.

संधिबिंदू वगळण्याचे गणित

आता या विषयाच्या मुळाशी असलेली रीत सोडवून पाहू. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर करून दाखवावे.

अ, ब, क अशी तीन गावे आहेत. तिन्हींकडून येणाऱ्या वाहिन्या मधल्या एका माळावर एकत्र येतात. माळावरील त्या सांध्याला म म्हणू. अ ते म हा रोध २ ओहम, ब ते म ३ ओहम आणि क ते म ६ ओहम. माळावर कोणीही राहत नाही. तेथे ना दिवा, ना पंप. मग गणितात म हवाच कशाला?

तो काढून टाकता येतो. तीन रोधांचे दोन-दोनांचे गुणाकार घेऊन बेरीज करू : दोन त्रिक सहा, तीन सक अठरा, दोन सक बारा, एकूण ३६. या ३६ ला समोरच्या भुजेच्या रोधाने भागावयाचे. अ व ब यांच्या समोरची भुजा क ची, म्हणून अ ते ब रोध ३६ भागिले ६, म्हणजे ६ ओहम. ब ते क ३६ भागिले २, म्हणजे १८ ओहम. अ ते क ३६ भागिले ३, म्हणजे १२ ओहम. ताऱ्याच्या आकाराचे जाळे त्रिकोणी झाले आणि म नाहीसा झाला. पंपाच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमुळे ही दोन नावे शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. आकार तेच, उपयोग वेगळा.

पडताळा पाहू. अ ला ३६ व्होल्ट दाब दिला आणि ब व क दोन्ही शून्यावर ठेवले. मूळ ताऱ्यात म चा दाब १८ व्होल्ट येतो. म्हणून अ कडून १८ भागिले २, म्हणजे ९ अँपिअर निघतात. ब ला १८ भागिले ३, म्हणजे ६ आणि क ला १८ भागिले ६, म्हणजे ३ अँपिअर पोचतात. त्रिकोणात अ ते ब ३६ भागिले ६, म्हणजे ६ अँपिअर. अ ते क ३६ भागिले १२, म्हणजे ३ अँपिअर. ब आणि क यांचा दाब सारखाच असल्याने त्यांच्यामधून काहीच वाहत नाही. तीन गावांतील मीटरना माळावर सांधा आहे की नाही हे मुळीच कळणार नाही. येथे काहीही अंदाजे नाही. उत्तर तंतोतंत आहे.

हीच रीत कितीही मोठ्या जाळ्यास लागू पडते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या गॅब्रिएल क्रॉन या अभियंत्याने जाळ्यांच्या गणिताची सर्वसाधारण मांडणी केली. त्याचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. संधिबिंदू वगळण्याच्या या रीतीस आज 'क्रॉनचे लघुकरण' म्हणतात.

मग अडचण कोठे आहे? दोन ठिकाणी.

माळावर उद्या एखादी वस्ती झाली आणि तिने १२ अँपिअर प्रवाह घेतला असे समजा. म वगळावयाचा तर हा भार तीन गावांवर वाटून द्यावा लागतो, आणि ज्याची वाट सोपी त्याच्याकडे अधिक वाटा जातो. १/२, १/३ आणि १/६ या प्रमाणात वाटणी केली असता अ कडे ६, ब कडे ४ आणि क कडे २ अँपिअर येतात. वस्तीचा प्रवाह १२ अँपिअरवर स्थिर असेल तर हीही वाटणी अचूक आहे. पण प्रत्यक्षात भार तसा वागत नाही. जुना तारेचा दिवा दाब उतरला की कमी प्रवाह घेतो. भाराने चाललेली मोटार दाब उतरला की उलट अधिक प्रवाह ओढते. अशा भाराला स्थिर प्रवाह समजून तीन गावांवर वाटले, की दाब उतरल्यानंतर काय होईल हे सांगण्याची प्रतिकृतीची पात्रता कमी होते. जे. बी. वॉर्ड याने १९४९ साली दूरच्या जाळ्यांचे भार असे सीमेवरील संधिबिंदूंवर आणून ठेवण्याची रीत मांडली. ती सोयीची असल्याने सर्वत्र रूढ झाली. मात्र नेहमीच्या स्थितीपासून जाळे जितके दूर जाते, तितकी ती कमी विश्वासार्ह ठरते.

दुसरी अडचण अशी : तीन भुजांच्या ताऱ्याचा त्रिकोण झाला तेव्हा तीन वाहिन्यांच्या तीनच राहिल्या. चार भुजांचा सांधा वगळल्यास चार गावांना परस्परांशी जोडणाऱ्या ६ काल्पनिक वाहिन्या येतात आणि दहा भुजांचा वगळल्यास ४५. म्हणजे संधिबिंदू कमी होत जातात, पण गुंता वाढत जातो. खऱ्या जाळ्यात प्रत्येक उपकेंद्र केवळ तीन-चार शेजाऱ्यांना जोडलेले असते, त्यामुळे समीकरणांच्या तक्त्यातील बहुतेक घरे शून्याची असतात. लघुकरणाच्या उत्साहात ती शून्ये भरून गेली, तर लहान केलेले जाळे मूळ मोठ्या जाळ्यापेक्षा सोडवण्यास अधिक वेळ घेते! विल्यम टिनी आणि त्याचे सहकारी यांनी १९६७ साली दाखवून दिले, की शून्यांवर श्रम न करता आणि वगळण्याचा क्रम शहाणपणाने निवडून मोठी जाळीही अल्प वेळात सुटतात. ज्या बिंदूला शेजारी सर्वांत कमी तो आधी वगळावयाचा. दोऱ्याचा गुंता सोडवणाऱ्या आजीबाई मोकळे टोक आधी धरतात, तोच हा न्याय. मोठी जाळी संगणकावर सोडवणे त्यामुळे व्यवहार्य झाले, आणि त्यातील महत्त्वाचा भाग यंत्राचा नसून क्रमाचा होता हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कोनाचे गणित

वरील रीतीत जाळे लहान होते. दुसऱ्या एका रीतीत जाळे तेवढेच राहते, पण समीकरणे सोपी होतात.

एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किती मेगावॅट जातील हे दोन्ही टोकांच्या दाबांच्या कोनांतील फरकावर अवलंबून असते. नेमके म्हणजे त्या फरकाच्या साइनवर. कोन लहान असेल तर साइन आणि कोन (रेडियनमध्ये) जवळजवळ सारखेच येतात. १० अंशांचे रेडियन ०.१७४५ आणि साइन ०.१७३६, फरक शेकडा अर्धा. ३० अंशांस रेडियन ०.५२३६ आणि साइन ०.५, फरक शेकडा पावणेपाच. म्हणून साइन काढून टाकावयाची, सर्व ठिकाणी दाब ठरल्याप्रमाणे आहे असे मानावयाचे आणि तारांतील रोधामुळे होणारा वीजनाश सोडून द्यावयाचा. उरतात ती सरळ रेषेची समीकरणे. या रीतीस 'डी. सी. लोड फ्लो' म्हणतात. नावाने फसू नये. यात एकदिश प्रवाह कोठेही नाही, समीकरणांचे रूप तेवढे त्यासारखे आहे.

अ, ब, क ही तीन शहरे सारख्या तीन वाहिन्यांनी त्रिकोणात जोडलेली आहेत. अ येथे ३०० मेगावॅट निर्मिती आणि क येथे तेवढाच भार. अ कडून क कडे सरळ वाट एका वाहिनीची, तर ब मार्गे वाट दोन वाहिन्यांची, म्हणजे दुप्पट अडथळ्याची. म्हणून सरळ वाटेने २०० आणि ब मार्गे १०० मेगावॅट जातात. आता सरळ वाहिनी बंद पडली, की ३०० मेगावॅट ब मार्गे जाणार. प्रत्येक वाहिनीची क्षमता २५० मेगावॅट असेल, तर जी वाहिनी काल निम्म्याहून कमी भारलेली होती तीच आज मर्यादेबाहेर गेली. हे उत्तर तोंडी निघाले. हजारो प्रसंगांची चाळणी करण्यास ही रीत म्हणूनच अमूल्य आहे : चाळणीत जे संशयास्पद वाटतील तेवढेच प्रसंग मग संपूर्ण समीकरणांनी तपासावयाचे.

ब्रायन स्टॉट आणि ओंगुन अल्साच यांनी १९७४ साली यातून एक मधला मार्ग काढला. कोनाचा संबंध प्रामुख्याने मेगावॅटशी आणि दाबाचा संबंध प्रामुख्याने रिअॅक्टिव्ह शक्तीशी, हे ओळखून त्यांनी समीकरणांचे दोन गट केले आणि ते आळीपाळीने सोडवले. दाब येथे टाकून दिलेला नाही, केवळ वेगळा बसवला आहे. ही रीत वेगवान असूनही तिचे अंतिम उत्तर पूर्ण समीकरणांशी जुळवून घेतलेले असते.

बिना-ग्वाल्हेर वाहिनी

ज्या गोष्टी डी. सी. लोड फ्लोमध्ये सोडून देतात, त्यांपैकी दाब ही एक. तो सोडणे केव्हा महाग पडू शकते याचे उदाहरण आपल्याच देशात घडले.

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी मध्य प्रदेशातील बिना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली. पश्चिम विभागाकडून उत्तरेकडे मोठ्या प्रमाणावर वीज ओढली जात होती आणि याच मार्गावरील दुसरी वाहिनी दर्जावाढीच्या कामासाठी आधीच बंद होती. ही वाहिनी तुटताच सारा भार पूर्वेच्या लांबच्या वाटेने उत्तरेकडे धावला, जाळ्यात हेलकावे सुरू झाले आणि उत्तर विभागाचे जाळे कोसळले. सुमारे ३६,००० मेगावॅटचा भार अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, दुपारी १ वाजता पुन्हा त्याच भागात प्रारंभ होऊन उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी कोसळली. त्या वेळी सुमारे ४८,००० मेगावॅटचा भार गेला आणि साठ कोटींहून अधिक लोकसंख्येचा प्रदेश विजेवाचून राहिला. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात ज्यात येतात ते पश्चिमेचे जाळे मात्र टिकले.

त्या पहाटे बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर शॉर्टसर्किट झालेले नव्हते. तार तुटली नव्हती, झाड पडले नव्हते. वाहिनीच्या रक्षणासाठी बसवलेल्या रिलेने ती बंद केली. हा रिले दाबाला प्रवाहाने भागतो. भागाकार लहान आला की जवळपास कोठे तरी शॉर्टसर्किट झाले असावे असे तो समजतो. त्याचा तिसरा टप्पा सर्वांत दूरवर पाहतो. पुढच्या वाहिनीवरील बिघाडही, थोडा वेळ थांबून, त्याला दिसावा अशी योजना असते.

चौकशी समितीच्या अहवालानुसार त्या वेळी वाहिनीवर सुमारे १,४५० मेगावॅट भार होता आणि बिना येथील दाब ४०० ऐवजी सुमारे ३७४ किलोव्होल्ट होता. आता आपण ढोबळ भागाकार करू. दाबाच्या वर्गाला शक्तीने भागावयाचे. दाब ४०० धरला तर १,६०,००० भागिले १,४५०, म्हणजे सुमारे ११० ओहम. खरा दाब ३७४ धरला तर १,३९,८७६ भागिले १,४५०, म्हणजे सुमारे ९६ ओहम. रिअॅक्टिव्ह शक्ती मिळवली तर तो आणखी खाली येतो. ज्या गणितात दाब सर्वत्र ठरल्याप्रमाणे मानलेला असतो, त्यात ११० दिसतात. रिलेला मात्र त्याहून बरेच कमी दिसतात. जड भार आणि पडलेला दाब यांच्या संगतीने रिलेला भास झाला की शॉर्टसर्किट आहे. यालाच 'लोड एन्क्रोचमेंट' म्हणतात.

समितीने अनेक कारणे एकत्र नोंदवली : आधीच बंद असलेल्या वाहिन्यांमुळे दुबळे झालेले जाळे, मंजुरीहून अधिक वीज ओढणारी राज्ये, भार कमी करण्याच्या सूचनांना मिळालेला अपुरा प्रतिसाद आणि शेवटी ही वाहिनी. कोणत्या तरी सरलीकृत सूत्राने अपघात घडवला असे म्हणणे चुकीचे होईल. परंतु 'मेगावॅट मर्यादेत आहेत काय?' एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देणारी प्रतिकृती 'रिले काय पाहील?' या प्रश्नाला मुकी असते, हे यावरून स्पष्ट होते. ती चुकीची असते असे नव्हे. तिला तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

काळाचे माप

आतापर्यंत आपण स्थिर जाळ्याचा विचार केला. धक्का बसल्यावर जाळे कसे हालते, याचे गणित याहून अवघड आहे. कारण त्यात अनेक गती एकत्र नांदतात. विजेचा लोळ पडल्यावरची लाट सेकंदाच्या दशलक्षांश भागात धावते. प्रवाहाचे एक आवर्तन सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरे होते. जनित्रांचे हेलकावे एक-दोन सेकंदांचे असतात. बॉयलरमधील वाफेला कित्येक मिनिटे लागतात. सर्वांना एकाच गणितात घ्यावे तर सर्वांत चपळ घटकाच्या पावलाने चालावे लागते आणि दहा मिनिटांच्या हालचालीसाठी अब्जावधी पावले टाकावी लागतात. म्हणून प्रश्न हेलकाव्यांचा असेल तर लाटा संपल्या असे मानतात आणि बॉयलर जागच्या जागी थांबला असे मानतात.

येथे आणखी एक बचत होते. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात प्रत्येकी २५० मेगावॅटची चार जनित्रे आहेत. दूर कोठे तरी बिघाड झाला तर ही चारही जनित्रे बरोबरच हेलकावे घेतात. त्यांच्या जागी १,००० मेगावॅटचे एकच जनित्र कल्पिले तरी दूरवरच्या उत्तरात फरक पडत नाही. हाच विचार विस्तारून, बरोबर झुलणारी अनेक केंद्रे एकत्र बांधण्याची पद्धत आहे. बिघाड केंद्राच्या दारातच झाला तर मात्र हे चालत नाही. तेव्हा चारही जनित्रे वेगळी मोजावी लागतात.

जड फिरणाऱ्या यंत्रांसाठी मांडलेल्या या सवलती सौर आणि पवन ऊर्जेला जशाच्या तशा लागू होत नाहीत. त्यांची वीज बहुधा इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून येते आणि त्यांचे वागणे पुष्कळदा यंत्राच्या वजनावर नसून आत भरलेल्या सूचनांवर अवलंबून असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने मोठ्या वाहिन्यांचे मनोरे पाडले आणि दोन मिनिटांत दाब सहा वेळा खाली गेला. प्रत्येक धक्का एकेकटा सोसण्याजोगा होता. पण अनेक पवनचक्क्यांच्या नियंत्रकात अशी सूचना भरलेली होती, की ठरावीक संख्येहून अधिक धक्के बसल्यास निर्मिती कमी करावी. जाळे चालवणाऱ्यांकडील प्रतिकृतीत ही सूचना नव्हती. नऊ पवनकेंद्रांची निर्मिती एकूण ४५६ मेगावॅटने घटली, शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर तो भार पडून ती तुटली आणि संपूर्ण राज्य काळोखात गेले. तेथे ती सूचना कोणी हिशेबाने वगळलेली नव्हती. ती अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

विज्ञान शिक्षकांसाठी एक स्वस्त प्रयोग सुचवावासा वाटतो. १,२०० ओहमचे १८ सारखे रोध, ९ व्होल्टची बॅटरी आणि मिलिअँपिअर दाखवणारा मीटर एवढे साहित्य पुरे. सहा रोध समांतर जोडले की २०० ओहम होतात, चार समांतर जोडले की ३०० आणि दोन जोडले की ६००. यांचा तारा करून एका खोक्यात ठेवावा. अ, ब, क ही तीन टोके तेवढी बाहेर काढावीत. दुसऱ्या खोक्यात त्रिकोण करावा : अ-ब मध्ये ६०० ओहम (दोन समांतर), अ-क मध्ये १,२०० (एक रोध) आणि ब-क मध्ये १,८०० (समांतर जोडीपुढे एक रोध). बॅटरीचे धन टोक अ ला आणि ऋण टोक ब व क या दोहोंना जोडावे. दोन्ही खोक्यांत ब कडे सुमारे १५ आणि क कडे सुमारे साडेसात मिलिअँपिअर प्रवाह मिळेल. झाकण न उघडता कोणत्या खोक्यात काय आहे हे विद्यार्थ्यांना ओळखण्यास सांगावे. टोके कशीही बदलली तरी त्यांना ते ओळखता येणार नाही.

मग झाकणे उघडावीत आणि माळावरच्या वस्तीला वीज द्यावयाची म्हणून एक लहान एल. ई. डी. दिवा मधल्या सांध्यास जोडण्यास सांगावे. ताऱ्याच्या खोक्यात तो सांधा चटकन सापडतो. त्रिकोणाच्या खोक्यात दिवा हातात धरून मुले जागा शोधत राहतात.